मासे कसलाही वायू सोडत नाहीत

कापलेली फुलं ताजी कशी ठेवायची, हे मला कुणी शिकवू नये. या विषयावर हाताला लागलं ते सगळं मी वाचलेलं आहे. देठ तिरपा कापावा, तोही पाण्याखाली धरून. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत. बादली जेवणाच्या भांड्यासारखी घासावी. एवढं माहीत असूनही माझ्या फुलांमागे भर रस्त्यात मांजरं लागली, म्हणून माझं ज्ञान कमी पडलं असा अर्थ कुणी काढू नये. ज्ञान भरपूर होतं. नाक बंद होतं.

आई गेली आणि तिचं दुकान आमच्या गळ्यात आलं. दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतील एवढं फुलांचं दुकान. दादाचं म्हणणं होतं, शटर ओढावं आणि जागा शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकावी. माझं म्हणणं होतं, आईनं शाळेच्या मोठ्या बाईंना त्यांच्या निवृत्तीच्या समारंभासाठी फुलं कबूल केली आहेत, ती जातील. बरीच खडाखडी झाल्यावर दादा म्हणाला, ठीक आहे, ही ऑर्डर नीट गेली तर पुढचं बघू. बिघडली तर चष्मेवाला. मी म्हटलं, बिघडणार नाही.

हे वाक्य पुरं झालं आणि दुकानातला फ्रीज बंद पडला.

"फ्रीजलासुद्धा कळतंय," दादा म्हणाला.

"फ्रीजला काय कळतंय? त्याला थोडंच दुकान चालवायचंय?"

बादल्या भरून गुलाब आणि जरबेरा आलेले, समारंभ दुसऱ्या दिवशी, आणि मेकॅनिक म्हणत होता सुटा भाग मागवावा लागेल. समोरचे फळवाले काका मोठ्या मनानं म्हणाले की माझी थंड खोली आहे, आणून ठेव. इथे दुसरी कुणी असती तर फसली असती. मी त्यांना शांतपणे समजावलं की पिकती फळं एक प्रकारचा वायू सोडतात आणि त्या वायूनं फुलं माना टाकतात. काकांना ते लागलं. त्यांच्या केळ्यांबद्दल आजवर कुणी असं बोललं नव्हतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात.

मी गेले मासेवाल्या काकूंकडे. त्यांची थंड खोली प्रशस्त, बर्फगार, आणि मुख्य म्हणजे मासे कसलाही वायू सोडत नाहीत. हे शास्त्र आहे. तरी खबरदारी म्हणून मी विचारलं, फुलांना वास वगैरे लागणार नाही ना? काकूंचा उभा जन्म मासळीत गेलेला. त्यांनी प्रामाणिकपणे आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "कसला वास?"

मलाही येत नव्हता. मला आणि दादाला सर्दी झाली होती. आई गेल्यावर जी धरली ती सुटायलाच तयार नव्हती. डोळे लाल, नाक चोंदलेलं. तिला सर्दीच म्हणायचं, असं आमच्या घरात न बोलता ठरलं होतं. दादा वाफ घ्यायचा. मी पंख्याला दोष द्यायची.

सकाळी फुलं काढली तर काय टवटवीत! पाकळी न् पाकळी जागी. दादाला म्हटलं, बघ. त्यानं मुकाट बादल्या टेम्पोत चढवल्या. टेम्पोवाल्यानं मात्र दोन्ही काचा खाली केल्या आणि वाटभर डोकं बाहेर ठेवून गाडी चालवली. सिग्नलला मागं वळून पाहिलं तर मांजरं. मला वाटलं, टेम्पोत काल काही वेगळा माल असेल.

सभागृहात टेबलांवर फुलं मांडली आणि थोड्या वेळानं कुजबुज सुरू झाली. चित्रकलेच्या बाईंनी पहिला संशय आचाऱ्यावर घेतला. तो बिचारा एकेका पातेल्याचं झाकण उघडून दाखवू लागला की जेवणात मासळी नाहीच. मग शिपायाला गच्चीवरच्या टाकीत डोकावायला पाठवलं. मी स्वतः पुढं होऊन सुचवलं की ड्रेनेज तुंबलं असणार. दादानं दुजोरा दिला. बऱ्याच दिवसांनी आमचं एकमत झालं होतं.

मग मोठा गुच्छ मोठ्या बाईंच्या हातात दिला. गुच्छ मिळालेली माणसं करतात तेच त्यांनी केलं. त्यात नाक खुपसलं. आणि तशाच थांबल्या. या बाईंच्या एका नजरेनं अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. ती नजर गुच्छावरून माझ्यावर आली.

"कुठं ठेवली होतीस फुलं?"

मी सांगितलं. केळ्यांच्या वायूचंही सांगितलं. शास्त्र सांगताना माझा आवाज बराच चढला असावा, कारण मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. दादा माझ्याकडे पाहत नव्हता. चष्मेवाल्याचं सामान आमच्या दुकानात लागताना मला तिथूनच दिसू लागलं.

"तुला वास आला नाही?"

"सर्दी आहे."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

बाईंनी दादाकडे पाहिलं. तो रुमालात तोंड खुपसून उभा होता.

"याला पण?"

"हो. घरात साथ आहे."

आता बाई गुच्छ टेबलावर ठेवतील आणि सगळं संपेल, असं वाटलं. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि समारंभ संपेपर्यंत तसाच धरून बसल्या. आजूबाजूच्या पाहुण्यांच्या खुर्च्या हळूहळू सरकत गेल्या. भाषणं फार आटोपशीर झाली. जाताना मला म्हणाल्या, "तुझ्या आईनंसुद्धा मला इतकी तजेलदार फुलं कधी दिली नव्हती. दर सोमवारी घरी पाठवत जा. वासाचं तेवढं बघ."

चष्मेवाल्याला दादानंच कळवलं की जागा इतक्यात रिकामी होत नाही. फ्रीजही त्यानंच दुरुस्त करून घेतला. मला बजावलं, फक्त सर्दी बरी होईपर्यंत. मी औषध घेत नाही.

नाक अजून बंद आहे, दुकान उघडं आहे. टेम्पोमागून आलेल्यांपैकी एक करडं मांजर इथंच राहिलं, त्याला कामाला लावलंय. तयार गुच्छ त्याच्यापुढे धरते. त्यानं पाठ फिरवली की माल पास.

या सोमवारी त्यानं बाईंचा गुच्छ चाटायला घेतला. फ्रीज उघडून पाहिलं तर गुलाबांच्या मागं एक पातेलं, त्यात मासळी. मासेवाल्या काकूंनी प्रेमानं दिलेली, आणि दादानं आणून ठेवलेली.

मी म्हटलं, अरे, वास?

दादा नाक ओढत म्हणाला, "कसला वास?"