एक नग पोपट

सबनीसकाका रोज सकाळी सात वाजता पोपटाच्या पिंजऱ्यातलं पाणी बदलत, वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालत, दांडीजवळ एक हिरवी मिरची अडकवत आणि म्हणत, "काय विठोबा, झोप झाली का?" संध्याकाळी दिवे लागले की पिंजऱ्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकत. यात वावगं काहीच नव्हतं. फक्त पिंजऱ्यात पोपट नव्हता.

पिंजरा दिवाळीच्या पाडव्याला आला आणि व्हरांड्यात रिकामाच लटकत राहिला. महिनाभरानं मी न राहवून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "श्रीकांतराव, माल यायच्या आधी जागा तयार पाहिजे. आणि नुसती जागा नाही, सवय तयार पाहिजे. पोपट आला आणि पहिल्याच दिवशी मी पाणी विसरलो, तर त्याला जबाबदार कोण?"

काका आमचे भिंगारमधले शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. लष्कराच्या डेपोत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून आयुष्य काढलं. डेपो सुटला, सवयी सुटल्या नाहीत. जगातल्या यच्चयावत वस्तू त्यांच्या लेखी 'नग'. भाजीवाल्याकडे ते चार नग लिंबं मागत. माझ्या मेव्हण्याला जुळं झाल्याचं मी सांगितलं, तर म्हणाले, "वा! दोन्ही नग सुस्थितीत?"

दुसरा त्यांचा आवडता प्रश्न म्हणजे "कागद कुठाय?" कागदाशिवाय त्यांच्या फाटकातून काही आत यायचं नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचं तोंडी बोलावणं ते धरत नसत. मी एकदा वैतागून वहीच्या पानावर आमंत्रण लिहून दिलं, तर त्यावर 'मिळाले' असं लिहून, सही करून, वेळेवर हजर झाले.

कुसुमकाकू याच्या अगदी उलट. त्यांचं सगळं तोंडी. आठवडी बाजारात काकू शिरल्या की त्यांचा आवाज पिशवीच्या आधी घरी पोचायचा. भिंतीवर कोपरं टेकून त्या आणि माझी बायको सुनीता अशा काही बोलत बसायच्या की गॅसवरचं दूध ओतू गेल्यावरच सभा बरखास्त व्हायची.

गेल्या वर्षी श्रावणात काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा मात्र अर्धीमुर्धीच परत आली. मनात एक शब्द असायचा आणि तोंडातून भलताच पडायचा. एकदा त्या भिंतीशी आल्या, आमच्या वाफ्यातल्या कोथिंबिरीकडे बोट दाखवलं, खूप खटपट केली आणि म्हणाल्या, "कों... कोंबडी." जन्मभर चातुर्मास पाळलेल्या बाईंनी कोंबडी मागितली, म्हणून मी आणि सुनीता हसलो. वाईट मनानं नाही, वाटलं त्याही हसतील. काकू हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि पुन्हा भिंतीशी आल्याच नाहीत. व्हरांड्यातसुद्धा दिसेनाशा झाल्या. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आणि अशा घरात काकांनी पोपटाचं खूळ काढलं! माणूस दुःखानं भरकटतो, तसं काहीसं असेल, असं आम्ही समजलो.

तयारी वाढत चालली. एका रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. पिंजऱ्यातल्या झोक्यावर सुतळीनं एक ढोबळी मिरची बांधली होती.

"हा तात्पुरता पोपट," काका म्हणाले. "तुम्ही मांजर."

"मी?"

"मांजर आलं तर मला स्वयंपाकघरातून इथं पोचायला किती वेळ लागतो, ते बघायचंय. तुम्ही भिंतीवरून या. आवाज करू नका. मांजर करत नाही."

मी सेहेचाळीस वर्षांचा, वीज कंपनीतला, पोट सुटलेला माणूस. भिंतीवर चढताना पायजमा अडकला, उतरताना कुंडी फुटली आणि पिंजऱ्यापाशी पोचेपर्यंत काका काठी घेऊन दोनदा येऊन गेले होते. "असं मांजर असेल तर काळजी नाही," ते समाधानानं म्हणाले. तात्पुरत्या पोपटाची संध्याकाळी पीठ पेरून भाजी झाली. वाटीभर आमच्याकडेही आली.

फजिती झाली की आपल्याकडे पोपट झाला म्हणतात. आमच्या गल्लीला आणखी काय हवं? दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत जो तो फाटकातून विचारी, "काका, पोपट आला का झाला?" खरं सांगायचं तर ही कोटी पहिल्यांदा मीच केली होती. काका शांतपणे उत्तर देत, "प्रक्रियेत आहे."

दुपारी चार वाजता तर कहर व्हायचा. बंद खिडकीआडून काकांचा आवाज यायचा, "विठू." मग बराच वेळ काही नाही. पुन्हा, "विठू." पुन्हा शांतता. असं अर्धा-पाऊण तास. सुनीता म्हणाली, "अहो, हे आता स्वतःच पोपट व्हायला लागलेत."

माघ उलटत आला, तेव्हा तिसगावचे रामभाऊ काकांकडे आले. डेपोत ते काकांच्या हाताखाली होते, आता शेती बघतात. व्हरांड्यात चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, "साहेब, बांधावरच्या कडू लिंबाच्या ढोलीत पिल्लं हायेत. लई गोड. शिमग्याच्या आत एक आनून देतो."

"कागद?" काकांनी विचारलं.

"पोपटाला कसला कागद वो?"

"परवानगीचा. कुठल्या तरी खात्याचं असेलच ना ते."

रामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी अर्ज लिहिला. तीन प्रती. 'विषय : एक नग पोपट घरी बाळगण्यास परवानगी मिळणेबाबत.' सोबत पिंजऱ्याचा मोजमापांसह नकाशा, आहाराचा तक्ता आणि मांजर-तालमीचा अहवाल. अहवालात माझा उल्लेख 'स्थानिक मांजर' असा होता.

मी म्हटलं, "काका, नगरमध्ये घराघरांत पोपट आहेत. कोण परवानगी काढतं? रामभाऊंना सांगा, गुपचूप आणून द्या म्हणून."

"गुपचूप नाही चालायचा."

"का?"

काकांनी अर्जाच्या कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या, पुन्हा जुळवल्या. मग खिडकीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलंय, एकेक शब्द दिवसातून शंभर वेळा म्हणायचा, मोठ्यांदा. कुसुम म्हणत नाही. तिला वाटतं, लोक हसतात. आता पोपटाला शिकवायचं तर तोच शब्द शंभर वेळा म्हणावाच लागतो की नाही? त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळं जग तसंच शिकवतं. आणि ती चुकली तरी..." त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. "पोपट हसत नाही, श्रीकांतराव."

मी खाली मान घातली.

"म्हणून चोरून आणलेला उपयोगाचा नाही. मग दार लावून कुजबुजत शिकवावं लागेल. मला तिला इथं व्हरांड्यात बसवायचंय. मोठ्यांदा बोलायला."

घरात काकूंच्या खुर्चीसमोर एक कागद चिकटवलेला होता, तो त्यांनी मला दाखवला. 'सौ. कुसुम सबनीस यांची पोपट-शिक्षिका या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे. विद्यार्थी हजर होईपर्यंत रोज चार वाजता सराव.' खाली सही, तारीख. चार वाजताच्या त्या शांततेत काकूंनी म्हणायचं असायचं. त्या म्हणत नव्हत्या. काका रोज त्यांची वाट बघत बसायचे.

अर्ज घेऊन मीच त्यांना स्कूटरवर नगरच्या वनखात्याच्या कचेरीत नेलं. टेबलामागच्या माणसानं अर्ज वाचला, नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला, अहवाल वाचताना एकदा माझ्याकडे पाहिलं. माणूस भला होता. म्हणाला, "काका, ह्यो आपला हिरवा पोपट पाळताच येत न्हाई. गुन्हा हाय. परवानगीच न्हाई त्याला."

"पण लोकांकडे असतात."

"ते विचारायला येत न्हाईत ना! तुमी पयलेच आले." मग त्याला शंका आली. "पोपट कुठं हाय सध्या?"

काका जन्मात खोटं बोलले नव्हते. क्षणभर विचार करून म्हणाले, "सध्या झाडावर आहे."

"मग तितंच राहू द्या."

बाजारात एका दुकानात परदेशी रंगीत पक्षी होते, तेही बघितले. काकांनी दुकानदाराला एकच विचारलं, "बोलतात का?" तो म्हणाला, "हे गोड शीळ घालतात." काका म्हणाले, "शिळेचा उपयोग नाही," आणि स्कूटरवर येऊन बसले. भिंगार येईपर्यंत अर्जाच्या तिन्ही प्रती छातीशी धरून बसले होते.

फाटकाशी इस्त्रीवाला उभा होता. त्यानं तोंड उघडायच्या आत मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

काकू आत आपल्या खुर्चीत होत्या. काका समोरच्या स्टुलावर बसले, कागद मांडीवर ठेवले. "कुसुम, नाही मिळायचा. कायद्यात बसत नाही. मी सगळं करून बघितलं गं." आणि या टापटिपीच्या माणसाच्या हातून ते कागद खाली सांडले, तरी त्यांनी ते उचलले नाहीत. मला तिथं उभं राहवेना आणि निघताही येईना.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग दारातून दिसणाऱ्या रिकाम्या पिंजऱ्याकडे, त्यातल्या सकाळच्या मिरचीकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"पो..." त्या म्हणाल्या. "पो... पट."

काकांनी मान वर केली.

"पोपट... झाला."

आणि काकू हसल्या. तोंडाची एक बाजू नीट वर जात नव्हती, दुसरीनं दोन्हींचं काम केलं. महिनोन्‌महिने फाटकातून येणारी कोटी त्या आत बसून ऐकत होत्या, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"पोपट झाला." या वेळी जरा मोठ्यांदा.

काका उठले. चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला. मग माझ्याकडे वळले. "दोन नग," ते म्हणाले. "दोन शब्द. जागच्या जागी, सुस्थितीत. मोजून घेतलेत ना तुम्ही?"

"घेतले," मी म्हणालो. आणि सांडलेले कागद गोळा करायला वाकलो.

रामभाऊंचा पोपट लिंबावरच राहिला. पिंजऱ्याचं दार काकांनी काढून टाकलं, पण पाणी आणि डाळ अजून ठेवतात. चिमण्या येतात, कधी बुलबुल. कुणालाही आत घेण्यापूर्वी कागद मागितला जात नाही. चार वाजता काकू व्हरांड्यात बसतात आणि पिंजऱ्यात जो कुणी असेल त्याला शिकवतात. पाखरू उडून जातं, त्या थांबत नाहीत.

परवा मी वाफ्याला पाणी घालत होतो. काकू काठी टेकत भिंतीशी आल्या. कोथिंबिरीकडे बोट केलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "कोंबडी."

चुकून आलं होतं की मुद्दाम, मला कळेना. मी दात घट्ट मिटून, चेहरा गंभीर करून मुकाट्यानं एक जुडी उपटली आणि त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती घेतली. पण गेल्या नाहीत. जुडीनंच माझ्या खांद्यावर एक फटका मारला.

"हस," त्या म्हणाल्या.

मग मी हसलो.