अण्णा चौगुल्यांचा सर्वाधिकार

अण्णा चौगुले कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डावसुद्धा सर्वाधिकार घेऊन खेळतात.

अण्णांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यावर रोजची कामं साध्या माणसासारखी करायची असतात. यंत्रणेच्या आत हात घालायचा असेल तेव्हाच पासवर्ड देऊन ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी, व्हायचं असतं. पण अण्णांना साधा माणूस होणं मंजूर नाही. उभा जन्म सरकारी कचेरीत साहेबाच्या सहीसाठी ताटकळले, त्याचा सगळा सूड मंगळवार पेठेतल्या या गरीब कॉम्प्युटरवर! फोटो बघायचा? रूट. कॅल्क्युलेटर? रूट. साध्या माणसानं केली तर बेरीज चुकते की काय, कोण जाणे.

“अण्णा, असं चालवू नये,” मी शेजारधर्म म्हणून सांगून पाहिलं.

“का? मशीन कुनाचं?”

“तुमचं.”

“मग परवानगी कुनाला मागायची? हिच्यायला!”

एकदा त्यांनी साफसफाई काढली. “ह्यो फोल्डर मी ठेवलेला न्हाय, मग हितं आला कुठनं?” असं म्हणून त्यांनी यंत्रणेचा एक फोल्डरच उडवला. तुम्हा-आम्हाला कॉम्प्युटरनं अडवलं असतं. सर्वाधिकाऱ्याला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. माझा अख्खा रविवार ते दुरुस्त करण्यात गेला, तर म्हणतात कसे, “आता पयल्यापेक्षा हलकं पळतंय बघ!” धन्य तो माणूस.

गेल्या महिन्यात त्यांची डिस्क करकरायला लागली. आतलं सगळं लगेच नव्या डिस्कवर नेलं नाही तर कायमचं जाईल, असं मी सांगितलं, तेव्हा अण्णांचा चेहरा पडला.

न्यायला बसलो तर आत आणखी एक खातं दिसलं. सुशीलाकाकींचं. काकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. पासवर्ड कुणालाच सांगितला नव्हता.

“यात काय आहे, अण्णा?”

“म्हाईत न्हाय. दुपारी टाइप करत बसायची. मी आलो की बंद करायची.”

“आणि दोन वर्षांत तुम्ही उघडून बघितलं नाहीत? तुम्ही? रूटला पासवर्डही लागत नाही, एका कमांडचं तर काम!”

“तिनं दाखवलं न्हाय की.” अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत राहिले. “रोज हितं बसलो की मनात येतंय, काय लिवलं आसंल. माझ्याबद्दल कायतरी आसंल का. पन न इचारता कसं बघायचं रं?”

इतके दिवस या माणसाची टर उडवली, त्याची मनापासून लाज वाटली. मुकाट्यानं काकींचा फोल्डर न उघडता नव्या डिस्कवर न्यायची कमांड टाइप केली. अण्णांनी वाकून ती नीट वाचली आणि माझा हात धरला.

“थांब. असा नेलास तर मालकी कुनाच्या नावावर पडंल?”

“रूटच्या. म्हणजे तुमच्याच.”

“मग नगं,” अण्णा म्हणाले. “तिच्याच नावावर ऱ्हाऊ दे.”