ऑपरेटरची चूक

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात एखादं मशीन बंद पडलं, की मेंटेनन्सचा सारंग त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि निकाल देऊन टाकायचा, "ऑपरेटरची चूक!" मशीन कधी चुकत नाही, आणि सारंग तर नाहीच नाही! अशा या गृहस्थाच्या सिल्वासातल्या घरी आज रविवारी सकाळी चक्क प्लांटचे मोठे साहेब, चंद्रकांत साहेब, कॉफीला येणार होते. जवळच्याच दादरा गावातल्या नव्या प्लांटला मेंटेनन्सचा हेड हवा होता आणि नाव साहेबच ठरवणार होते.

"आज मशीनची कॉफी! साहेबांनी एक घोट घेतला, की दादरा आपला!" मेव्हण्याने भेट दिलेलं कोरं करकरीत मशीन खोक्यातून काढत सारंगने जाहीर केलं.

"अहो, ते पुस्तक तरी वाचा आधी," बायको म्हणाली.

"वर्षा, पुस्तक ऑपरेटर वाचतात. मी इंजिनियर आहे!"

त्याने टाकी काठोकाठ भरली, पावडर घातली आणि ऐटीत बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, थरथरलं, म्हाताऱ्यासारखं खाकरलं आणि गप्प! कपात पडला एक टिपूस. पुन्हा बटण दाबलं, तर लाल दिवा लागला आणि काहीतरी करपल्याचा वास सुटला.

मग काय! सारंगला चेवच चढला. फ्रिजचा प्लग काढून तिथे मशीनचा लावला, मशीन तिरकं केलं, पाठीत दोन धपाटे घातले. दिवा लालच!

"राहू द्या, मी पातेल्यात करते कॉफी," वर्षा म्हणाली. "पण दुधाच्या पिशव्या कुठे गेल्या? सकाळीच आणल्या होत्या की!"

"तुला दुधाचं पडलंय! इथे माझा दादरा चाललाय!"

त्याने खालच्या मजल्यावरच्या समाधानला हाक मारली. हा त्याच्याच खात्यातला धुळ्याचा फिटर. गडी सायकलचा पंप घेऊनच हजर झाला!

"साहेब, लाइन चोकअप शे! प्रेशर मारू का?"

"मार!"

समाधानने पंपाची नळी आत खुपसली. मशीनचं तोंड दाराकडे होतं, हे कुणाच्या लक्षात असायला! तेवढ्यात बेल वाजली आणि वर्षाने दार उघडलं.

"अजून जोरात!" आतून सारंग ओरडला.

फट्ट! तपकिरी पिचकारी स्वयंपाकघरातून सुटली ती थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आणि मिशीवर! साहेबांनी मिशीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"सारंग, ही साय आहे का हो?"

बिघाड दिसला, की "का?" विचारत मुळापर्यंत जायचं, हा साहेबांचा लाडका छंद! ते रुमालाने शर्ट पुसत खुर्चीवर बसले.

"मशीन का बंद पडलं?"

"नळी चोकअप झाली, साहेब."

"का?"

"आत साय धरली असणार."

"का?"

"टाकीत... दूध होतं."

वर्षाने कपाळावर हात मारला. "माझ्या पिशव्या!"

"दूध का?" साहेब थांबेनात.

"आपल्याला नुसत्या पाण्याची कॉफी कशी द्यायची, साहेब!" सारंग अगदी कळवळून बोलला.

"बरोबर आहे. पण टाकीत पाणीच घालायचं, हे तुम्हाला माहीत का नव्हतं?"

सारंगने पुस्तकाकडे पाहिलं. ते खोक्यात प्लास्टिकसकट तसंच पडलं होतं. समाधान पंप पाठीमागे लपवून भिंतीकडे बघू लागला.

"सांगा ना," वर्षा गोड आवाजात म्हणाली, "कुणाची चूक?"

"ऑपरेटरची," सारंग पुटपुटला.

साहेब खो खो हसत सुटले. सारंगच्या जिवात जीव आला. शेवटी शेजारच्या गुजराती बेनकडून आणलेल्या दुधाची, जायफळ घातलेली पातेल्यातली कॉफी पिऊन साहेब खूश होऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "सारंग, उद्या सोमवारी दादऱ्याला या. नव्या प्लांटवर ऑपरेटरांचं ट्रेनिंग सुरू होतंय."

"येतो ना, साहेब!" सारंगची छाती फुगली. "काय काय शिकवू?"

"शिकवायला नाही हो," साहेब चपला घालत म्हणाले, "बसायला!"