टाकीतलं ऊन

"झाडांना उजेड लागतो म्हणून काही इतका नाही गं लागत," असं नवरा म्हणाला होता. तिनं ते कानाआड केलं, आणि त्याला कारणही होतं. या माणसाच्या हातून निवडुंग मेला होता. वाळवंटात कुणाच्याही मदतीशिवाय जगणारं झाड त्यानं गॅलरीत पाणी घालघालून मारलं होतं. त्यानं झाडांबद्दल सल्ला द्यावा आणि आपण तो ऐकावा, इतके काही वाईट दिवस आले नव्हते.

शिवाय प्रश्न हौसेचा नव्हता, लेकीच्या, ठकीच्या जेवणाचा होता. ठकीला चालता येत होतं, "नाही" म्हणता येत होतं, जेवता तेवढं येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघून नुसतं "हं" केलं होतं आणि घरी पोचेपर्यंत तिनं त्या "हं"चे नाही नाही ते अर्थ लावले होते. पुढे एकदा नात्यातल्या कुणाच्या घरी ठकी फिश टँकसमोर उभी राहिली आणि मासे बघता बघता वाटीभर भात संपवून मोकळी झाली. झालं. त्याच आठवड्यात बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या समोरच्या भिंतीला, काचेची टाकी आली.

टाकीतल्या माशांत एक नारिंगी, पोट सुटलेला होता. खाणं पडलं की सगळ्यांना ढकलून पुढे यायचा, म्हणून त्याचं नाव शेठ. शेठ काचेपाशी आला की ठकीचं तोंड उघडायचं आणि घास आत जायचा. शेठ वळला की तोंड बंद. घरात बऱ्याच दिवसांनी शांतता नांदत होती.

मग टाकीतल्या झाडाचं एक पान पिवळं पडलं.

दुकानदारानं दिलेली ती झाडं जाड, रुंद पानांची होती, दगडाला दोऱ्यानं बांधलेली. सावलीत राहणारी, सावकाश वाढणारी मंडळी. एखादं पान पिवळं पडणारच. पण तिला दिसलं ते असं: पान गेलं म्हणजे झाड जाणार, झाड गेलं म्हणजे पाणी नासणार, पाणी नासलं म्हणजे शेठ आजारी, शेठ आजारी म्हणजे ठकी उपाशी. तिची काळजी थेट गाडीनं जायची, मधल्या स्टेशनांवर थांबायची नाही.

मोबाइलवर तिनं दिव्यांचा अभ्यास केला. कुठला पांढरा, कुठला जांभळट, कुठल्याचा उजेड तळापर्यंत पोचतो. शेवटी सगळ्यांत जोरदार दिवा मागवला, कारण खोक्यावरच्या चित्रात टाकीच्या तळाला हिरवागार गालिचा पसरला होता. चित्रातली झाडं निराळ्या जातीची होती, उन्हाला हपापलेली. ते नंतर लक्षात आलं. दिवा लागला तेव्हा खोलीचं ऑपरेशन थिएटर झालं. नवरा आत गेला, गॉगल लावून आला आणि पेपर वाचत बसला.

ठकी उठल्यापासून झोपेपर्यंत दिवा चालू. पहिले काही दिवस पानं अशी चकाकली की तिनं माहेरी फोटो पाठवले. मग काचेवर तपकिरी साय धरली. मग पानांना हिरव्या दाढ्या फुटल्या. मग पाणीच हिरवं झालं आणि शेठ म्हणजे आत कुठंतरी हलणारा एक नारिंगी डाग उरला.

ठकीचं जेवण आता शेठच्या मर्जीवर आलं. तो काचेशी येईपर्यंत चमचा हवेत धरून बसायचं. भात गार व्हायचा, हाताला मुंग्या यायच्या. यावर नवऱ्यानं तोड काढली: ठकीला एक घास, तर शेठला एक चिमूट. चिमूट पडली की शेठ हजर. युक्ती इतकी चालली की शेठचं पोट आणखी सुटलं आणि त्याच्याच्यानं खाववेना ते तळाला जाऊन कुजू लागलं. खालून खत, वरून ऊन. त्या शेवाळानं आयुष्यात आणखी काय मागायचं?

आता उपाय एकच उरला होता, तोही तिनंच शोधला: अंधार. दिवा बंद करून टाकी सगळीकडून घोंगडीत गुंडाळायची आणि पाणी निवळेपर्यंत डोकावायचं नाही. सावलीतल्या झाडांना त्याचं काही वाटत नाही, माशांनाही नाही. वाटणार होतं ते ठकीला. तिला मोबाइलवर मासे दाखवले, तिनं मोबाइल सारून घोंगडीकडे बोट केलं. नवऱ्यानं घोंगडीपुढे उभं राहून गाल फुगवले आणि तोंडाची उघडझाप केली. ठकीनं ते कार्यक्रम बघावा तसं मन लावून बघितलं, तोंड घट्ट मिटून.

दुसऱ्या संध्याकाळीही हाच कार्यक्रम चालू असताना बेल वाजली. दारात समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरीणबाई. ओळख भाजीच्या दुकानात हसण्यापुरती. पायात दोन वेगवेगळ्या चपला. उजेडाची तक्रार घेऊन आल्या असणार, या खात्रीनं तिनं आधीच माफी मागायला सुरुवात केली.

"दिवा बंद केलाय हो आम्ही. आता नाही त्रास व्हायचा."

"म्हणून तर आले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोरीला बरं नाही का?"

पोरगी ठणठणीत आहे, नुसती जेवत नाही, असं कळल्यावर त्या खुर्चीत टेकल्या. मग आढेवेढे घेत सांगितलं. या घरात लखलखाट असायचा, चष्म्याशिवायही सगळं दिसायचं. ठकी जेवायला बसली की त्याही ताट घेऊन खिडकीत बसायच्या.

"तिचा एक घास झाला की माझा एक. एकटीला गिळवत नाही गं."

"आणि काल?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "काल अंधार होता."

तिची थेट गाडी लगेच सुटली: जेवलेल्या नाहीत, म्हणजे चक्कर येणार, पडणार, दाराला आतून कडी. पुढचं स्टेशन येण्याआधी तिनं ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. मास्तरीणबाईंनी संकोचून एक घास घेतला. ठकी घोंगडी सोडून आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, टक लावून बघू लागली आणि तिचं तोंड उघडलं. नवऱ्यानं श्वास रोखून चमचा आत सारला. मास्तरीणबाई कौतुकानं बघत थांबल्या, तसं ठकीचं तोंड मिटलं.

"थांबू नका हो," ती कळवळून म्हणाली. "खा तुम्ही, खात राहा."

पुढे पाणी निवळलं. दिवा आता छोटा आहे, मोजके तासच लागतो आणि एक झाड नवं पान काढतंय. नवरा "मी म्हणालो होतो" असं म्हणत नाही, पण ते न म्हणण्याचाही आवाज होतो. घोंगडी काढली त्या दिवशी ठकीला वाटी घेऊन टाकीपुढे बसवलं. तिनं शेठकडे जुन्या ओळखीचं माणूस रस्त्यात भेटावं तसं बघितलं आणि दाराकडे मान वळवली. मंद उजेडात समोरून काही दिसत नाही, त्यामुळे मास्तरीणबाईंना रोज यावंच लागतं. त्यांना यायला जरा उशीर झाला की ही चपला घालून जिना उतरते, आणि आता ठकीसाठी उतरते की त्यांच्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

तुमच्या समोरच्या खिडकीतही कुणी एकटं राहत असेल. आज जरा जाऊन बघून या. नुसतं "जेवलात का" विचारून परत येऊ नका, त्यावर सगळेच हो म्हणतात. शेजारी बसा, आणि घास तोंडात गेलेला डोळ्यांनी बघा.