नानांची बोहनी

आमच्या गल्लीत नवं दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक नाना पगडबंद. वस्तू कामाची असो की नसो. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरी त्यांच्या कोनाड्यात बांगड्यांचा जोड, एक झबलं आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ होती. दात काढणारा वैद्य गल्लीत आला तेव्हा नानांनी त्याला एक धडधाकट दाढ दिली. "नाहीतरी त्या बाजूनं मी चावत नव्हतो," म्हणाले.

मी धुळ्यात शाळामास्तर, नानांच्या समोरच्या माडीवर राहायचो. त्या काळात दुकानं फार पटापट बदलत. तांबट गेला, तिथं चहाचं हॉटेल आलं. अत्तरवाला गेला, तिथं शिवणयंत्रं खडखडू लागली. शाळेतून दमून परतताना गल्ली अनोळखी वाटे, आणि नव्यानं ओळख करून घ्यायचाही मला कंटाळा येई. नाना मात्र पायरीशी उभे राहून पाटी निरखत, "वाकडी शे" म्हणत आणि आत शिरत. पाटी सरळ असली तरी वाकडीच.

त्यांचं स्वतःचं दुकान पगड्यांचं. लोक आधी काळ्या टोपीवर गेले, मग पांढऱ्या टोपीवर, आणि कॉलेजातले तर उघड्या डोक्यानं हिंडू लागले. पगडीला गिऱ्हाईक म्हणून नुसते नवरदेवांचे बाप उरले. "बठ्ठी डोकी बदलली, मास्तर, एक उरलं नाही," असं म्हणून नानांनी एका दिवाळीनंतर जागा सोडली.

ती जागा नशिराबादच्या दामूनं सायकलींच्या दुकानासाठी घेतली. तिशीतला माणूस, शेतीतला वाटा भावाला देऊन आलेला. त्यानं नारळ फोडला आणि वाट बघत बसला. कुणी येईना. नानांच्या हातची बोहनी लाभते असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्याआधी पायरी चढायला कुणी तयार नव्हतं. "आज नाना यायचे नाहीत," हॉटेलवाला म्हणाला. दुपार झाली. दामूच्या बायकोनं तेच ते हँडल चौथ्यांदा पुसलं.

मला राहवलं नाही. नानांकडे गेलो तर ते डोक्याला पगडी, पायात जोडे घालून खाटेवर बसले होते.

"कधीपासून बसलात?"

"सकाळपासून. उठवत नाही, मास्तर. तीस वर्षं ती पायरी मालक म्हणून चढलो."

"त्या दामूचं तोंड पार उतरलंय, नाना."

ते उठले. दुकानाशी आल्यावर पाटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. थेट आत गेले आणि एक घंटी मागितली.

"सायकल कोणती शे, आबा?" दामूनं विचारलं.

"घेईन कधीतरी," नाना म्हणाले. त्यांनी घंटी वाजवून पाहिली. तोवर मागे चारपाच माणसं जमली होती.

परतताना ते वाटेत एका ओट्यावर टेकले. मीही टेकलो.

"मी दुकान उघडलं ना, तेव्हा पहिल्या दिवशी दिवेलागणीपर्यंत कुत्रं फिरकलं नाही," ते म्हणाले. "मग ही आली. आमची. तोंडावर पदर ओढून, परक्या बाईसारखी. म्हणे, घरधन्यासाठी पगडी दाखवा."

"तुम्ही ओळखलं नाही?"

"चालीवरूनच ओळखलं. पण शेजारचे दुकानदार बघत होते. मी विचारलं, बाई, डोक्याचं माप काय? तर म्हणे, तुमच्याएवढंच शे." नाना हसले. "वीस पगड्या दाखवल्या तिला. नीट बसा म्हटलं, पाणी घ्या म्हटलं. पायरी उतरेपर्यंत अहो-जाहो केलं."

सायकलींच्या दुकानातून बोलण्याचे आवाज येत होते. नानांनी जोडे काढून पाय मोकळे केले.

"घरी आलो अन् पुन्हा अगं-तुगं," ते म्हणाले. "जन्मात तेवढंच एकदा तिला अहो म्हटलं."