भागवतकाकांचं वाळवण

भागवतकाकांच्या घरातली सगळ्यात चांगली खोली लाकडाच्या भुशाला दिलेली होती. दक्षिणेकडची, दोन खिडक्यांची, जाड कार्पेट असलेली. घरी पाहुणा आला तर तो बिचारा किचनमधल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपायचा, कारण डबलबेडवर भुशाच्या पिशव्या झोपलेल्या असायच्या. त्यांच्या अंगावर रजईसुद्धा असायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, तांदूळ भरून ठेवलाय. कुतूहलाने आत डोकावले तर काका आडवे आले. "हात दाखव," म्हणाले. मला वाटलं, भविष्य बघणार. मी मोठ्या आशेने तळहात पुढे केला. त्यांनी तो चाचपला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "कोरडा आहे. ये आत."

ही दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. माझ्या नवऱ्याला, समीरला, इंग्लंडमध्ये, लीड्सला प्रोजेक्ट मिळालं आणि आम्ही पुण्याहून आलो. शहराबाहेर टेकडीवर, जुन्या दगडी घरांच्या एका गल्लीत स्वस्तात भाड्याचं घर घेतलं. स्वस्त का, ते नोव्हेंबरमध्ये कळलं. तिथे गॅसची लाइनच नव्हती. हीटर विजेचे, आणि ते आपल्याला ऊब देतात की आपल्याकडून घेतात असा प्रश्न पडावा असे. अशा गल्लीत शेजारी मराठी निघावेत हे आमचं नशीब. मात्र ते भागवतकाका निघावेत, हे नशीब म्हणायचं की काय ते मला बरेच दिवस ठरवता येईना.

काका टेक्स्टाइल इंजिनिअर. तरुणपणी इचलकरंजीहून इकडच्या लोकरीच्या मिलमध्ये आले आणि आयुष्यभर लोकरीतला दमटपणा मोजत राहिले. मिल बंद पडली, काका रिटायर झाले, पण मोजणं काही सुटलं नाही. लोकांच्या दारात गणपती असतो, ह्यांच्या दारात हवेतला ओलावा दाखवणारं तबकडीचं यंत्र. येताजाता त्याला टिचकी मारायची. काटा हलला की चेहरा पडायचा.

आणि त्यांचा तो एक ठरलेला प्रश्न. कुणीही भेटो, पोस्टमन असो की डॉक्टर, काका बोलण्याच्या मध्येच विचारणार, "पण वाफ कुठे जाते, विचार केलाय कधी?" मग स्वतःच उत्तर देणार, "खोलीत जाते." ह्या एका वाक्यापायी कुमुदकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, प्रेशर कुकर किचनमधून हद्दपार झाला होता. बाहेरच्या पोर्चमध्ये एका छोट्या शेगडीवर तो शिट्ट्या द्यायचा. समोरची मार्गारेट दर वेळी दचकून खिडकीत यायची.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारा नुसताच चक्रम होता. चक्रम होताच, पण कारण होतं.

काकूंना संधिवात. थंडी पडली की गुडघे संपावर जायचे. म्हणून दर वर्षी नोव्हेंबर लागला की काकू नागपूरला बहिणीकडे जायच्या ते एकदम वसंतात उगवायच्या. वर्षातले ते चार-पाच महिने काका एकटे. मुलगा निखिल ग्लासगोला, त्याचं त्याचं सुरू. शेवटी एका वर्षी काकूंनी सांगितलं, "घरात नीट ऊब करून दाखवा, मी कुठेही जात नाही." झालं. काकांनी पेलेटचा स्टोव्ह आणला.

पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या. स्टोव्हच्या पोटात वरून ओतायच्या, आतला स्क्रू फिरत फिरत त्या थोड्या थोड्या जाळात ढकलतो आणि घर छान गरम होतं. अट एकच. कांड्या कोरड्या हव्यात. पाणी लागलं की त्या साबुदाण्यासारख्या फुगतात आणि परत त्यांचा भुसा होतो.

पहिल्या वर्षी, म्हणजे आम्ही यायच्या आधी, काकांनी पिशव्या बागेतल्या शेडमध्ये ठेवल्या. यॉर्कशरच्या पावसाला शेड म्हणजे काय, चाळणीच. कांड्या भिजल्या, फुगल्या, स्क्रूमध्ये लगदा अडकला आणि स्टोव्हने जी मान टाकली ती त्या हिवाळ्यापुरती टाकलीच. काकूंनी दोन स्वेटर घालून आठवडाभर वाट बघितली आणि नागपूरचं तिकीट काढलं. जाताना एका शब्दाने बोलल्या नाहीत. काकांना तेच लागलं. "रागावली असती तर बरं झालं असतं गं," असं मला नंतर कितीदा तरी म्हणाले.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यातच पिशव्या बेडरूममध्ये आल्या. निखिल दोन दिवस राहायला आला होता, तो माझ्याकडे तक्रार घेऊन. "अनघाताई, माझा बेडवर पेलेट झोपते आणि मी किचनमध्ये." त्याचं मराठी तसंच, पण दुःख अगदी खरं.

नुसतं घरात ठेवून काकांचं समाधान होईना. कारखान्यातून ट्रक, ट्रकमधून इथे, मधे काय काय झालं असेल कुणास ठाऊक. मग त्यांना आठवलं, आपल्याकडे वर्षाचे गहू भरायच्या आधी काय करतात? ऊन देतात. झालं. जुलैतल्या एका लख्ख सकाळी खिडकीतून बघते तर लॉनवर काकूंच्या जुन्या सुती साड्या अंथरलेल्या आणि त्यांवर पेलेट पसरलेले. डोक्याला पंचा बांधून काका काठीने कबुतरं हाकलतायत. मार्गारेटने कुंपणावरून विचारलं, हे घोड्याचं खाणं का? काकांनी तिला वाफ कुठे जाते ते विचारलं.

दुपारी ढग आले. इथले ढग काही सांगून येत नाहीत. काकांची हाक ऐकून मी पोळी तव्यावर टाकून धावले. काकू गुडघ्यांसकट धावल्या, मार्गारेट बागकामाचे ग्लव्हज घालून धावली. साड्यांची चारी टोकं धरून आम्ही ती गाठोडी घरात नेली. माझ्या पोळीचा कोळसा झाला. पेलेट मात्र वाचले.

एवढ्यावर थांबले तर ते काका कसले? गव्हाला उन्हानंतर एरंडेल चोळतात ना, मग ह्यांना का नको? तेलाच्या अंगाला पाणी लागत नाही, हे त्यांचं शास्त्र. काकूंनी कपाळाला हात लावला. तरी काकांनी प्रयोग म्हणून दोन-तीन पिशव्यांना एरंडेल चोळलंच. सप्टेंबरमध्ये त्यातली एक ट्रायलसाठी पेटवली आणि अख्ख्या गल्लीत असा काही वास सुटला की बस. समीरला लहानपणी दर महिन्याला एरंडेल पाजायचे. तो जेवता जेवता ताटावरून उठला तो परत जेवायला बसलाच नाही. काकू मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. काका लाजून त्यांच्याकडेच बघत बसले.

पुढे ऑक्टोबरात बिनतेलाचे पेलेट घालून स्टोव्ह नीट सुरू झाला आणि घर खरंच उबदार झालं. काकूंनी शेजारची खुर्ची पकडली, पाय लांब केले आणि जाहीर केलं, ह्या वर्षी नागपूर रद्द. काका त्या दिवशी तबकडीला टिचकी मारायलासुद्धा विसरले.

आणि आठवड्याभरात फोन आला. नागपूरची बहीण बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला दुसरं कोण होतं? काकू गेल्या. महिन्याभरात येते म्हणाल्या. डिसेंबरमध्ये बहीण हिंडूफिरू लागली, पण काकूंचं यायचं काही ठरेना. तिकडचं ऊन गुडघ्यांना मानवलं होतं. फोनवर म्हणायच्या, "बघू." त्या "बघू"चा काकांनी धसका घेतला. परत येणार की नाही, हे त्यांना विचारवेना आणि त्यावाचून दुसरं काही सुचेना.

संक्रांतीला बाहेर बर्फ होतं. मी गुळाच्या पोळ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. दारातच हुकूम झाला, "कोट बाहेर काढ, बर्फ आत आणू नकोस." मी मुकाट्याने काढला आणि आत पाऊल टाकलं मात्र, हुडहुडी भरली. घरात बाहेरच्याइतकीच थंडी. काका ओव्हरकोट, माकडटोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी अशा थाटात बसलेले. स्टोव्ह घासूनपुसून चकचकीत आणि थंडगार. शेजारी काकूंची खुर्ची, तिच्यावर त्यांची शाल घडी करून ठेवलेली.

मी बेडरूमचं दार उघडून बघितलं. काकू गेल्या तेव्हा जेवढ्या पिशव्या होत्या, तेवढ्याच होत्या.

मी वैतागलेच. म्हटलं, "अहो काका, हे काय चालवलंय? पेटवत का नाही?"

"एकट्याला कशाला लागतं?" ते म्हणाले. "ती आली की लागेल. थंडी मार्चपर्यंत असते."

नवीन आणता येतील की, मी म्हटलं. तर म्हणाले, नवीन ओले निघाले तर? हे मी स्वतः वाळवलेत. मला एकदम भडभडून आलं. ह्या माणसाला आपण पेलेटवेडा म्हणत होतो, आणि हा तर बायकोसाठी ऊब साठवून ठेवून स्वतः कुडकुडत बसलाय.

तेवढ्यात फोन वाजला. काकूच होत्या. काका ताठ बसले, घसा खाकरला. "छे छे, थंडी कसली? मस्त ऊब आहे. बनियनवर बसलोय मी. अनघा आलीय, तिलाच विचार." आणि फोन माझ्या हातात देऊन, खोटं बोल अशी डोळ्यांनी विनवणी करायला लागले. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. ती खोलीतच जात होती, पण आज त्यांचं लक्ष नव्हतं.

काकूंनी हळूच विचारलं, "अनघा, हे मला खरं सांगत नाहीत. तू सांग. घरात ऊब आहे ना गं?"

मला गोड बोलता येत नाही. माझी आईसुद्धा ह्यावरून मला बोलते. मी म्हटलं, "नाही काकू. घर बर्फासारखं आहे. काका स्टोव्ह पेटवतच नाहीत. सगळे पेलेट तुमच्यासाठी राखून ठेवलेत."

काकांनी डोळे मिटले. पलीकडून काकूंचा घोगरा आवाज आला, "त्यांना दे."

काकांनी फोन कानाला धरला. "हो," म्हणाले. मग "हो, हो." मग नुसतंच "बरं." फोन ठेवून उठले आणि बेडरूममध्ये गेले. येताना दोन्ही हातांनी पिशवी कवटाळून आणली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता पेटवा म्हणाली." ते पिशवीचं तोंड सोडत म्हणाले. "आणि पुढच्या आठवड्यात मँचेस्टर एअरपोर्टवर घ्यायला या म्हणाली. तिकीट काढतेय."

मी काही बोलणार तोच ते खाली बघत म्हणाले, "पण एरंडेलाचे आधी संपवून टाका म्हणाली. ती यायच्या आत."

स्टोव्ह पेटला. थोड्या वेळाने तो वास सुटला. समीर म्हणतो, तो आमच्या घरापर्यंत आला. काकांनी माकडटोपी काढली, काकूंची शाल उचलून ऊब लागेल अशी स्टोव्हच्या बाजूला धरली आणि तशीच धरून उभे राहिले. मी गुळाची पोळी मोडून त्यांच्या हातात दिली, आणि त्या वासात आम्ही दोघांनी ती तूप न लावताच खाल्ली.