आपोआप लागणारा ब्रेक

मास्तरांनी करवतीच्या मशीनच्या स्टँडला शेवटचं चाक बसवलं आणि पांगुळगाड्यात मूल फिरवावं तसं ते मशीन खोलीभर फिरवून पाहिलं.

"अहो, लेक येईल आता. आवरा की!" मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या.

"आवरतोच तर आहे! बघ, एका बोटाने सरकतंय."

मास्तरांनी जन्मभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. लेकीचं लग्न झालं होतं, तिची खोली रिकामी होती. आधी तिथे ड्रिल मशीन आलं, मग ग्राइंडर, मग करवत. पलंग निमूटपणे माळ्यावर गेला. तेव्हापासून लेक सकाळी यायची आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसने परत जायची. "राहू कुठे, बाबा? करवतीच्या कुशीत?" असं ती एकदा हसत म्हणाली होती. मास्तरही हसले होते. पण तेव्हापासून त्या बसचा हॉर्न ऐकला की ते हातातलं काम टाकून दारात जाऊन उभे राहायचे.

म्हणून हे तीन स्टँड. अंगाने अरुंद, पोटात खण, पायाला चाकं. तिन्ही यंत्रं समोरच्या भिंतीला चिकटून उभी राहिली आणि पलंग माळ्यावरून खाली उतरला.

अडचण एकच होती. ही खोली पूर्वीची गॅलरी. पाणी दाराजवळच्या जुन्या मोरीकडे वाहून जावं म्हणून फरशीला दाराच्या दिशेने उतार. चाकांवरचं मशीन कुणी बोलावल्यासारखं दाराकडे निघायचं. मास्तरांनी त्यावर स्वतःचा ब्रेक शोधून काढला होता. स्टँड पुढून किंवा मागून कशालाही टेकला, की चाकाखाली पाचर पडायची आणि स्टँड जागचा हलायचा नाही. पायाने छोटी दांडी वर उचलली की मोकळा.

लेक आली. मास्तरांनी तिला पाणीसुद्धा पिऊ न देता खोली दाखवली.

"अय्या, माझा पलंग!" तिने त्यावर बॅग टाकली. "आणि हा ब्रेक कसा सुटतो?"

शिकवायला मिळतंय म्हटल्यावर मास्तर खुलले. "दांडीखाली अंगठा घाल. हं, आता उचल. घाई नको. पुन्हा करून दाखव बघू."

लहानपणी फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची, तशीच जीभ दातांत धरून तिने पुन्हा करून दाखवलं.

"मग, आज राहशील ना?" मास्तरांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"नको हो, बाबा. जायला हवं. आता सवयच झालीय त्या बसची."

मास्तर "बरं" म्हणाले आणि उगाचच ग्राइंडर पुसू लागले.

जेवणं झाली, गप्पा झाल्या, उन्हं कलली. लेक बॅग आणायला गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, दार उघडत नाहीये!"

मास्तरांनी धक्का दिला. दार आत उघडणारं. ते बोटभर सरलं आणि थांबलं. फटीतून करवतीच्या स्टँडची कड दिसली. स्टँड उतारावरून घरंगळत येऊन दाराला टेकला होता, आणि टेकल्याबरोबर इमानदारीने ब्रेक लावून उभा होता.

"पण मी तर ब्रेक तपासला होता!"

"जोरात ढकला की!" शेजारचे ड्रायव्हरकाका आवाज ऐकून आले होते. त्यांनी खांदा लावला.

"अहो, ढकलू नका! जितकं ढकलाल तितकी पाचर घट्ट बसते."

"असला ब्रेक कुठल्या शहाण्याने केला?"

मास्तर वाकून फट न्याहाळू लागले.

"बिजागऱ्या काढू," काका म्हणाले.

"आतून आहेत."

"मग खिडकीतून जाऊ."

"जाळी मीच बसवलीय. हत्ती आला तरी निघणार नाही."

"बरं, एखादी पहार, पटाशी?"

मास्तरांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. घरातलं एकूण एक हत्यार त्याच्या पलीकडे, नव्याकोऱ्या खणांत, ओळीने लावून ठेवलेलं होतं. पर्स, मोबाइल, लेकीच्या घराची किल्ली, सगळं बॅगेत. काका स्वतःच्या घरून पान्हा घेऊन आले. तो फटीत शिरेना. मास्तर फरशीवर आडवे झाले, एक डोळा मिटून दाराखालून बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, आणि बस गेली.

आज मास्तरांना तो हॉर्न ऐकून बरंच वाटलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून सावकाश आल्या. त्यांच्या हातात लांब दांड्याचं उलथणं होतं. "हे जातं का बघा."

उलथणं दाराखालून अलगद गेलं, पाचरीखाली शिरलं, पाचर उचलली गेली आणि दार उघडलं.

"हे आधी का नाही दिलंस?"

"तुम्ही मागितलंत का?"

"आणि ब्रेक सोडला कुणी?"

"मी? मला ती दांडी पुढे की मागे तेसुद्धा ठाऊक नाही. तुम्हीच तर नाही ना..."

"मी!" मास्तर दुखावले. पण बाईंवरचा संशय काही जाईना.

लेक त्या रात्री आपल्या पलंगावर झोपली. घरात तीन माणसांचा श्वास होता, आणि मास्तरांना किती दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळची बस होती. लेक न्हाणीघरात होती, बॅग भरून पलंगावर तयार होती. चहा पिता पिता मास्तर एकाएकी उठले. जन्मभर मुलांना 'यंत्राशी खोडी करायची नाही' असं बजावणारे मास्तर चोरपावलांनी खोलीकडे निघाले. अंगठा आत्तापासूनच शिवशिवत होता.

दार लोटलेलं होतं. त्यांनी हलकेच ढकललं. ते बोटभर सरलं आणि थांबलं.

मास्तर तिथेच उभे राहिले. बाई तर मघापासून त्यांच्यासमोरच चहा पीत बसल्या होत्या.

मागून ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत लेक आली.

"अगंबाई, पुन्हा?" ती म्हणाली. "आता हो काय करायचं, बाबा?"

"उलथणं..." मास्तर पुटपुटले.

"ते काही सापडत नाहीये," लेक म्हणाली आणि चहा ओतून घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांनी दाराच्या फटीतून वाकून पाहिलं. पाचर अगदी चोख बसली होती. एकदाच शिकवलं होतं. पोरगी विसरली नव्हती.